सर्वात उष्ण वर्ष, १०८ टक्के पाऊस: २०२४ च्या 'सरासरी' आकड्यांनी काय लपवलं?

आकडा पहिला: ०.६५. आकडा दुसरा: १०८.

भारताचं २०२४ सालचं हवामान या दोन आकड्यांत सांगता येतं. १९०१ पासून देशात तापमानाच्या व्यवस्थित नोंदी आहेत आणि तेव्हापासूनचं सर्वात उष्ण वर्ष २०२४ ठरलं, असं भारतीय हवामान विभागानं १ जानेवारी २०२५ ला जाहीर केलं. देशाचं वार्षिक सरासरी तापमान १९९१ ते २०२० या काळातल्या सरासरीपेक्षा ०.६५ अंश सेल्सिअसनं जास्त होतं. याआधी हा मान २०१६ कडे होता. तेव्हा ही वाढ ०.५४ अंश होती.

दुसरा आकडा मान्सूनचा. जून ते सप्टेंबरमध्ये देशात सरासरी ८६८.६ मिलिमीटर पाऊस पडतो. २०२४ मध्ये तो ९३४.८ मिलिमीटर पडला, म्हणजे सरासरीच्या १०८ टक्के.

पहिला आकडा वाचून वाटतं, अर्धा-पाऊण अंशानं काय होतंय? दुसरा वाचून वाटतं, चला, पाऊसपाणी तर चांगलं झालं.

पण याच वर्षात राजस्थानातल्या चुरूमध्ये पारा ५०.५ अंशांवर गेला. केरळमधल्या वायनाडमध्ये एका रात्रीत डोंगर खाली आला आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. बंगळुरूत मार्चमध्ये पाण्यासाठी रांगा लागल्या आणि ऑक्टोबरमध्ये त्याच शहरात लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. काश्मीरच्या गुलमर्गमध्ये जानेवारीचे बहुतेक दिवस बर्फच नव्हतं.

मग हे सगळं त्या दोन आकड्यांत दिसत का नाही? आणि त्यानं तुम्हा-आम्हाला नेमका काय फरक पडतो? सोप्या भाषेत समजून घेऊ.

०.६५ अंश म्हणजे नेमकं किती?

सरासरी काढताना दिवस आणि रात्र, उन्हाळा आणि हिवाळा, लेह आणि चेन्नई सगळं एकत्र येतं. एवढ्या मोठ्या देशाची, पूर्ण वर्षाची सरासरी पाऊण अंशाजवळ सरकते, तेव्हा कुठेतरी, कधीतरी फार मोठी वाढ झालेली असते.

२०२४ मध्ये ती कुठे झाली? उत्तर थोडं अनपेक्षित आहे: रात्री.

हवामान विभागाच्या आकडेवारीनुसार, दिवसाच्या कमाल तापमानाची वार्षिक सरासरी १९०१ पासून चौथ्या क्रमांकावर होती. पण किमान तापमानाची सरासरी, जे साधारणपणे पहाटे नोंदवलं जातं, ती आजवरची सर्वाधिक होती. सरासरीपेक्षा तब्बल ०.९० अंशानं जास्त. म्हणजे २०२४ ला विक्रमी वर्ष बनवण्यात दुपारच्या उन्हापेक्षा न थंडावणाऱ्या रात्रींचा वाटा मोठा होता.

दिल्लीचं उदाहरण घ्या. १९ जूनला सफदरजंग केंद्रावर किमान तापमान ३५.२ अंश नोंदवलं गेलं. किमान ५५ वर्षांत तिथे एवढी गरम रात्र झाली नव्हती. चोवीस तासांतला सर्वात गार क्षण ३५ अंशांचा होता, असा याचा अर्थ.

दिवसभर उन्हात राबलेल्या शरीराला रात्रीच्या गारव्यात सावरायला वेळ मिळतो. तो मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन आधीच थकलेल्या शरीरावर येतं. पत्र्याच्या घरात राहणारे, वीज नसलेले, रस्त्यावर झोपणारे, वयस्कर माणसं यांना याचा सर्वात आधी फटका बसतो. आपल्या बातम्यांत मात्र 'आज पारा किती चढला' एवढंच असतं. रात्री तो किती उतरला, हे कोणी सांगत नाही.

५२.९ आणि ५६ अंश: व्हायरल झालेले आकडे खरे होते का?

मे महिन्याच्या शेवटी दोन आकडे सगळीकडे फिरले. २९ मे रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश आणि त्यानंतर नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश. स्क्रीनशॉट तुमच्याही ग्रुपवर आले असतील.

दोन्ही आकडे चुकीचे होते. हवामान विभागानं तपासणी केली तेव्हा मुंगेशपूरचा सेन्सर जवळपास ३ अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं. नागपूरच्या यंत्रातही बिघाड होता.

पण यातली मेख अशी की, ३ अंश वजा केले तरी मुंगेशपूरला जवळपास ५० अंश उरतात. आकडा खोटा निघाला म्हणून उन्हाळा खोटा ठरला नाही.

आणखी एक आकडा गोंधळात टाकणारा होता. २०२४ च्या उन्हाळ्यात देशात उष्णतेच्या लाटेचे ५३६ दिवस नोंदवले गेले, १४ वर्षांतले सर्वाधिक. वर्षात दिवस ३६६, मग लाटेचे ५३६ कसे? हवामान विभागानं देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. एकाच दिवशी पाच उपविभागांत लाट असेल, तर ते पाच दिवस मोजले जातात. ही त्या सगळ्यांची बेरीज आहे.

१०८ टक्के पाऊस कुठे पडला?

आता दुसऱ्या आकड्याकडे येऊ. तो उलगडला की तीन गोष्टी दिसतात.

*एक: महिना.* मान्सून केरळात ३० मे रोजी, म्हणजे वेळेआधी आला. मुंबईत ९ जूनला पोहोचला. नंतर तो रेंगाळला. जूनमध्ये देशात सरासरीपेक्षा ११ टक्के कमी पाऊस झाला आणि वायव्य भारतानं १९०१ पासूनचा सर्वात उष्ण जून अनुभवला. मग जुलैमध्ये ९ टक्के, ऑगस्टमध्ये सुमारे १५ टक्के आणि सप्टेंबरमध्ये सुमारे १२ टक्के जास्त पाऊस झाला. कागदावर हिशेब जुळला. पण जूनच्या पहिल्या पावसावर पेरणी करून आभाळाकडे बघत बसलेल्या शेतकऱ्याला सप्टेंबरचा जास्तीचा पाऊस ती भरपाई देत नाही. उलट तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं असतं.

*दोन: प्रदेश.* मध्य भारतात ११९ टक्के, दक्षिणेत ११४ टक्के, वायव्येत १०७ टक्के आणि ईशान्य भारतात फक्त ८६ टक्के. आणखी खोलात गेलं तर चित्र उलटंपालटं होतं. जिथे वाळवंट आहे, त्या पश्चिम राजस्थानात 'अति जास्त' पाऊस, म्हणजे सरासरीपेक्षा किमान ६० टक्के अधिक. आणि जिथे घनदाट पर्जन्यवनं आहेत, त्या अरुणाचल प्रदेशात तूट. पंजाब आणि जम्मू-काश्मीर-लडाखही तुटीच्या यादीत. मे महिन्यात ५०.५ अंशांनी भाजलेलं चुरू याच पश्चिम राजस्थान उपविभागात येतं, हे इथे लक्षात घ्या.

*तीन: तास.* सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दिल्लीत ती विक्रमी गरम रात्र होऊन नऊ दिवस झाले होते. २८ जूनला सफदरजंगला २४ तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस कोसळला. तिथली पूर्ण जूनची सरासरी आहे ७४ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे महिन्याच्या तिप्पट पाऊस एका दिवसात. जूनमध्ये एवढा पाऊस १९३६ नंतर पहिल्यांदाच झाला. विमानतळाच्या टर्मिनल एकवरचं छत कोसळलं आणि एकाचा जीव गेला.

ईशान्येत तूट होती म्हणून तिथे पूर आला नाही, असंही नाही. आसाममध्ये शंभरहून जास्त लोक पुराशी संबंधित घटनांत दगावले, काझीरंगातले प्राणी बुडाले. त्रिपुरात ऑगस्टमध्ये भीषण पूर आला. पाऊस कमी, तरी पूर. कारण पूर हंगामाच्या एकूण पावसावर ठरत नाही. काही तासांत किती पाणी आलं आणि त्याला जायला वाट होती का, यावर तो ठरतो.

आधी टँकर, मग पूर

मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेला होता. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२४ च्या मे महिन्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा एक आकडी टक्क्यांवर आला आणि गावोगावी टँकर फिरत होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणी, हिंगोलीत शेतं पाण्याखाली गेली. त्याच महिन्यात जायकवाडी भरलं आणि दरवाजे उघडावे लागले. चार महिन्यांत एकाच माणसानं टँकरची रांगही पाहिली आणि वाहून गेलेलं शेतही. वर्षाची सरासरी काढली तर दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडून टाकतात.

बंगळुरूत तेच घडलं. मार्चमध्ये शहरातल्या सरकारी बोअरवेलपैकी जवळपास निम्म्या कोरड्या पडल्याचं सरकारनंच सांगितलं. ऑक्टोबरमध्ये येलहंका भागातल्या इमारतींभोवती तळं झालं.

पुण्यात २५ जुलैच्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोक जागे झाले तेव्हा पाणी घरात होतं. शहरात पाऊस होताच, पण ताम्हिणी घाटात २४ तासांत ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. धरणक्षेत्रातही तो जोरात होता आणि खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं जात होतं. तुमच्या गल्लीत येणारं पाणी तुमच्या गल्लीत पडलेलं असेलच असं नाही.

वायनाड: इशारा होता की नव्हता?

२०२४ मधली सर्वात मोठी दुर्घटना ३० जुलैच्या पहाटेची. वायनाडमधल्या पुंजिरिमट्टम, मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्यांवर दरड कोसळली.

त्यानंतर इशाऱ्यावरून वाद झाला. केंद्रानं २३ जुलैपासूनच आगाऊ सूचना दिल्या होत्या, असं गृहमंत्री अमित शाह यांनी राज्यसभेत सांगितलं. केरळचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांचं म्हणणं होतं की, दुर्घटनेपूर्वी फक्त 'ऑरेंज' अलर्ट होता. त्यात ११५ ते २०४ मिलिमीटर पावसाचा अंदाज असतो. प्रत्यक्षात ४८ तासांत ५७२ मिलिमीटर पाऊस पडला. 'रेड' अलर्ट आला तो दुर्घटना घडून गेल्यावर.

राजकारण बाजूला ठेवलं तरी एक प्रश्न उरतो. अलर्ट जिल्ह्याचा असतो, दरड मात्र एका उतारावर कोसळते. अख्ख्या जिल्ह्याला 'ऑरेंज' सांगितल्यावर नेमक्या कोणत्या वाडीनं रात्रीतून घर सोडायचं, हे त्या रंगातून कळत नाही.

महाराष्ट्राला ३० जुलै ही तारीख आधीपासून ठाऊक आहे. बरोबर दहा वर्षांपूर्वी, ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं होतं. १५१ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. सह्याद्रीच्या कुशीतली ही गावं आणि वायनाड एकाच पश्चिम घाटावर आहेत.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०११ मध्येच या घाटातल्या संवेदनशील भागांत खाणी आणि बांधकामांवर कडक मर्यादा सुचवल्या होत्या. वायनाडच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ ला, केंद्रानं पश्चिम घाटातलं ५६ हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र संवेदनशील ठरवण्याचा मसुदा काढला. त्यात महाराष्ट्राचं १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र होतं. हा सहावा मसुदा होता.

हे सगळं हवामान बदलामुळेच झालं का?

थोडक्यात उत्तर: काही प्रमाणात हो, पण सगळं नाही.

हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा जोरात येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की, १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. आणि याच काळात तिथला मान्सूनचा एकूण पाऊस कमी होत होता. एकूण कमी, पण एका वेळी जास्त.

वायनाडच्या पावसाचा अभ्यास 'वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन' या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या गटानं केला. हवामान बदलामुळे तो पाऊस सुमारे १० टक्क्यांनी जास्त झाला, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे पाऊस तसाही मोठाच होता, तापलेल्या हवेनं त्यात भर घातली.

समुद्रही बदलतोय. ऑगस्टच्या शेवटी कच्छच्या जमिनीवरची एक प्रणाली अरबी समुद्रात उतरली आणि तिचं 'असना' चक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये चक्रीवादळ तयार होणं ही १९७६ नंतरची पहिलीच घटना होती. वर्षाच्या शेवटी 'फेंगल' आलं आणि पुद्दुचेरीत २४ तासांत ४८ सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडला.

आणि जागतिक पातळीवर? औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत दीड अंशाची मर्यादा ओलांडणारं २०२४ हे पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं. वर्षाच्या सुरुवातीला असलेल्या एल निनोचा त्यात हात होता. पण एल निनो येतो आणि जातो. त्याच्याखालचा तापलेला पाया मात्र वर सरकतच राहतो.

तरी सगळं खापर आभाळावर फोडता येणार नाही. घाटकोपरला १३ मे रोजी वादळी वाऱ्यात होर्डिंग पडून १७ जण गेले. ते होर्डिंग परवानगीच्या मर्यादेपेक्षा कितीतरी मोठं होतं. विजयवाड्यात सप्टेंबरच्या सुरुवातीला बुडमेरू ओढ्याचं पाणी शहरात शिरलं. त्या ओढ्याच्या पात्रात वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. वारा आणि पाऊस निसर्गाचा, पण त्याच्या वाटेत काय उभं करायचं हे आपण ठरवलं.

मग यात सामान्य माणसाचं काय?

इथे मुद्दा येतो पैशांचा आणि मोजणीचा.

१ जूनला लोकसभा निवडणुकीचा शेवटचा टप्पा होता. त्या दिवशी एकट्या उत्तर प्रदेशात उष्णतेमुळे ३३ निवडणूक कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाल्याचं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत देशात उष्माघाताचे ४० हजारांहून जास्त संशयित रुग्ण होते, पण उष्माघातानं झालेले खात्रीशीर मृत्यू शंभर-दीडशेच्या घरात नोंदवले गेले. उन्हानं आधीचा हृदयविकार बळावून माणूस गेला, तर कागदावर कारण 'हृदयविकार' लागतं. त्यामुळे खरा आकडा समोर येतच नाही.

आता हे वाचा. केंद्राच्या आपत्ती मदत निधीच्या यादीत २०२४ मध्ये १२ आपत्ती होत्या: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट. थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. पंधराव्या वित्त आयोगानं ही यादी वाढवण्याची गरज नाही असं म्हटलं होतं आणि केंद्र सरकार संसदेत त्याचाच दाखला देत आलं. राज्यं स्वतःच्या पातळीवर 'राज्य आपत्ती' जाहीर करू शकतात, पण त्यासाठी निधीचा फक्त १० टक्के भाग वापरता येतो. तामिळनाडूनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ते केलं आणि उष्णतेनं दगावलेल्यांच्या कुटुंबाला ४ लाख रुपयांची तरतूद केली. म्हणजे सर्वात उष्ण वर्षात उष्णतेनं गेलेल्या माणसाच्या घरी मदत पोहोचेल का, हे तो कोणत्या राज्यात गेला यावर अवलंबून होतं.

शेतीतही हेच. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर ती 'अतिवृष्टी' धरली जाते. एका मंडळात अनेक गावं असतात आणि पर्जन्यमापक बहुतेक ठिकाणी एकच. मापक असलेल्या गावात ६० मिलिमीटर आणि चार कोसांवरच्या शिवारात १०० पडला, तर ते शिवार कागदावर अतिवृष्टीबाहेर राहू शकतं. सरासरीचा खेळ दिल्लीत सुरू होतो आणि तलाठ्याच्या दप्तरापर्यंत येतो.

पुढे काय?

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २ हजार कोटी रुपयांच्या 'मिशन मौसम'ला मंजुरी दिली. जास्त रडार, जास्त निरीक्षण केंद्रं आणि अधिक नेमके अंदाज हा त्याचा हेतू आहे. त्याची गरज होतीच. पण अंदाज नेमका आला तरी तो वाडीपर्यंत वेळेत पोहोचणं, तिथून हलवलेल्या माणसांना रात्री निवारा मिळणं आणि नुकसान झाल्यावर ते नोंदलं जाणं, ही कामं रडार करत नाही.

तोवर आपण काय करू शकतो? बातमी वाचताना चार प्रश्न विचारू शकतो. पाऊस किती पडला यासोबत, किती तासांत पडला? पारा किती चढला यासोबत, रात्री किती उतरला? आकडा जिल्ह्याचा आहे की माझ्या मंडळाचा? आणि अलर्टचा रंग कोणता? यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा.

वर्ष संपेल तेव्हा पुन्हा असेच दोन आकडे येतील. देशाचं सरासरी तापमान इतकं, देशाचा पाऊस इतके टक्के. ते खरेच असतील. पण सरासरी तापमानात कोणी राहत नाही आणि सरासरी पावसात कोणी पेरणी करत नाही. ज्याच्या पत्र्यावर ऊन पडतं आणि ज्याच्या बांधावरून पाणी जातं, त्याचा आकडा वेगळा असतो. तो कुठे नोंदला जातोय का, हे विचारत राहायला हवं.